टाकीची दोन शून्यं

हिंदुराव जगदाळ्यांच्या पावणेसहा हजार नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला फार तर दोन आठवडे लागतील, असं त्यांच्या मुलीनं, म्हणजे नम्रतानं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा ती पूर्ण शुद्धीवर होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे सेक्रेटरी श्यामराव भडकमकरांनी त्याबद्दल जाहीर शंका घेतली.

प्रश्न पाण्याचा होता. सदाशिव पेठेतल्या सुमेरू सोसायटीत सोळा बिऱ्हाडं आणि जमिनीखाली एक टाकी. पहाटे नळाचं पाणी या टाकीत पडायचं, पंपानं गच्चीवर चढायचं आणि तिथून घरोघर उतरायचं. गेली तीन वर्षं ते निम्म्या वाटेतच संपत होतं. अर्ज सात झाले होते. सातही अर्जांना पाण्याच्या ऑफिसातून एकच उत्तर आलं: पुरवठा पूर्वीइतकाच आहे, वापर वाढला असावा. श्यामरावांनी ते उत्तर जिन्यात चिकटवलं आणि खाली लाल शाईनं लिहिलं, 'ज्यांचा वापर वाढला असेल त्यांनी स्वतःहून कळवावे.' कोणी कळवलं नाही.

पुरवठा पूर्वी किती होता हे छातीठोकपणे सांगू शकणारा एकच माणूस सोसायटीत होता, आणि तो यंदा जानेवारीत गेला. हिंदुरावांना सगळे आप्पाच म्हणत. पाटबंधारे खात्यात धरणाच्या पातळीच्या नोंदी ठेवता ठेवता ते निवृत्त झाले. धरण सुटलं, सवय सुटली नाही. रोज सकाळी सात वाजता ते टाकीचं झाकण उचलत, फूट-इंचाच्या खुणा केलेली सागवानी काठी तळाला टेकवत, ओल कुठवर आली ते चष्मा कपाळावर चढवून बघत आणि रजिस्टरात लिहीत. चार फूट दहा इंच असेल तर ४.१०. चार फूट एक इंच असेल तर ४.०१. बरोबर पाच फूट असेल तर ५.००, दोन्ही शून्यांसकट. सोळा वर्षांत हा नेम थोडेच दिवस चुकला. नम्रताची आई गेली त्या दिवशीचीही नोंद आहे. ४.१०. शेऱ्याच्या रकान्यात काही नाही.

सोसायटीत या प्रकाराला आप्पांचं देवदर्शन म्हणत. झाकण उचललं की लोक जिन्यातून वाकून विचारत, "काय आप्पा, आज प्रसन्न आहेत का?" आप्पा म्हणत, "चार फूट अकरा इंच." त्यांना टोमणा कळत नसे असं नाही. पण टोमण्याचं उत्तर रजिस्टरात बसत नसे.

आता तीच रजिस्टरं पुराव्याच्या कामाची ठरली. नम्रता आणि श्यामराव ती पिशवीत भरून पाण्याच्या ऑफिसात घेऊन गेले. तिथल्या अभियंत्यांनी, मच्छिंद्र घोलपांनी, पिशवीकडे बघूनच हात जोडले.

"ताई, मी हे वाचत बसू? २००२ साल आहे. कॉम्प्युटरवर तक्ता करून आणा. आता सगळं कॉम्प्युटरवर असतं."

त्यांच्या मागे गाठोड्यांनी भरलेली चार कपाटं होती. ऑफिसातल्या एकमेव कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं आवरण होतं आणि आवरणावर सकाळचं जास्वंदीचं फूल.

नम्रता एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. ग्रंथालयावरही कॉम्प्युटर येऊ घातला होता, म्हणून वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तिनं टिळक रोडवर प्रोग्रामिंगचा क्लास लावला होता. शेवटी एक प्रोजेक्ट करायचा असे. बाकीच्या सगळ्यांनी हॉस्पिटल किंवा हॉटेल घेतलं होतं. क्लासच्या निकिता मॅडमनी नम्रताचा विषय दोनदा वाचला.

"टाकी?"

"टाकी."

"ओके. निदान डुप्लिकेट तरी नाही."

बुधवार पेठेतून भाग जुळवून आणलेला कॉम्प्युटर आप्पांच्या टेबलावर बसला आणि टायपिंग सुरू झालं. दोन आठवड्यांचे अकरा झाले. एका रजिस्टराला एक दिवस, असं बसवलेलं गणित १९८९ सालाशी येऊन अडकलं, कारण त्या वर्षीची शाई फिकी होती. शेऱ्याचा रकाना तिनं घेतलाच नाही. तो बहुतेक कोरा होता आणि पडद्यावर जागा खात होता. मधल्या काळात चौथ्या मजल्यावरच्या सुशीलाबाई रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसत आणि काम पुढे सरकतंय ना ते बघत. त्यांच्याकडे पाणी सगळ्यात कमी आणि सल्ले सगळ्यात जास्त.

"अगं, रोज रोज कशाला टाइप करतेस? आठवड्यातून एक दिवस घाल आणि बाकीचे साधारण तेवढेच म्हणून लिही."

"आप्पांनी रोज मोजलंय, काकू."

"त्यांना उद्योग नव्हता. तुला नोकरी आहे."

मेच्या पहिल्या आठवड्यात शेवटची नोंद घातली. आठ जानेवारी, ४.०३. अक्षर थोडं तिरकं होतं. आकडा तिरका नव्हता. नम्रतानं बटण दाबलं आणि पडद्यावर रकान्यांचा तक्ता उमटला. क्लासमध्ये त्याला ग्रिड म्हणत. ग्रिडमध्ये पावणेसहा हजार दिवस एकाखाली एक उभे होते, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक जण वेगळ्या लांबीचा होता. ४.०९ तसाच होता. ४.१० चा ४.१ झाला होता. ४.११ शाबूत होता. ५.०० चा नुसता ५ राहिला होता, पोरका. रकाना म्हणून जे काही दिसत होतं ते बसस्टॉपवरच्या रांगेसारखं होतं: कोणी आत, कोणी बाहेर, कोणी निघून गेलेला.

तरीही तिनं तेच छापून नेलं. सात वाजता पाणी गेलं होतं आणि धीर त्याच्याही आधी. घोलपांनी पहिलं पान डोळ्यांपासून लांब धरलं.

"कुठे तीन आकडे, कुठे दोन, कुठे एकच. आमच्याकडे नीटनेटकं लागतं, ताई."

श्यामराव परतताना स्कूटरवरून मागे न बघता म्हणाले, "नीटनेटकेपणाबद्दल या ऑफिसानं बोलू नये हे खरं असलं, तरी तक्ता ओबडधोबड आहे हेही खरं आहे."

निकिता मॅडमनी निदान एका वाक्यात केलं. "कॉलमला फॉरमॅट दिलंच नाही तुम्ही. फॉरमॅट नसेल तर त्याला शेवटचं शून्य फालतू वाटतं, तो टाकून देतो."

"आप्पांना नव्हतं वाटत."

"मग सांगा ना तसं त्याला."

सांगणं म्हणजे एका चौकटीत काही चिन्हं लिहायची होती, आणि मॅडमना पुढच्या बॅचला जायचं होतं. नम्रतानं घरी येऊन मार्गदर्शिकेतलं प्रत्येक फॉरमॅट एकदा देऊन बघितलं. पहिल्यानं दशांशापुढचं सगळंच उडालं आणि एक आख्खं दशक चार चार चार चार असं झालं. आप्पांची सोळा वर्षं म्हणजे जणू एकच दिवस. दुसऱ्यानं टाकी चारशे दहा टक्के भरली. सुशीलाबाई चष्मा लावून जवळ आल्या.

"चारशे टक्के? मग आमच्याकडे का येत नाही?"

तिसऱ्यानं कमाल केली. चार फूट दहा इंचांच्या जागी '३ जानेवारी १९००, पहाटे २.२४' अशी अक्षरं उमटली. कोणत्या तरी आतल्या हिशोबानं कॉम्प्युटरला ती पातळी म्हणजे तारीख वाटली होती. श्यामराव तेव्हा सहज डोकावले होते. त्यांनी ती ओळ वाचली, खिडकीतून खाली टाकीच्या झाकणाकडे बघितलं आणि म्हणाले, "तेव्हा भरली असेल. त्यानंतर कोणी बघितलेली नाही."

चौथं फॉरमॅट लागलं. दशांशानंतर दोन घरं, कमी पडली तर शून्यानं भर. शिवाय आकडे उजव्या कडेला चिकटवायचे. बटण दाबताच ४.१ चा ४.१० झाला, ५ ला त्याची दोन्ही शून्यं परत मिळाली, आणि सगळी दशांशचिन्हं शाळेच्या कवायतीसारखी एका रेषेत उभी राहिली. नम्रतानं खुर्ची थोडी मागे घेतली. अक्षर आप्पांचं नव्हतं, पण रकाना आप्पांचा होता. उत्साहाच्या भरात तिनं तळाला एक ओळ वाढवली, सर्व दिवसांची सरासरी. मॅडम म्हणायच्या, सरासरी असली की प्रोजेक्टला वजन येतं.

वजन आलं, ते तिच्यावरच पडलं.

घोलपांनी या वेळी तक्ता खरोखर वाचला. तक्ता देखणा असला की माणूस वाचतो, हा त्याचा तोटा. त्यांनी पेन्सिल काढली, रकान्यावरून वर-खाली फिरवली आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"ताई, एक गंमत बघा. ४.११ आहे. त्यानंतर एकदम ५. मध्ये ४.१२ नाही, ४.५० नाही, ४.९९ नाही. सोळा वर्षांत एकदाही नाही. पाणी ४.११ वरून उडी मारतं का?"

"ते फूट आणि इंच आहेत, साहेब. बारा इंचांचा फूट होतो."

"बरं. मग ही खाली सरासरी आहे. ४.३७. चार फूट सदतीस इंच?"

ती बेरीज नम्रताच्याच प्रोग्रामनं केली होती.

"आणि मूळ मुद्दा. सत्त्याण्णव साली पातळी ४.११, आता ४.०२. घट किती? शून्य पॉइंट शून्य नऊ. एवढ्यासाठी आम्ही रस्ता खणायचा?" घोलपांचा आवाज उगीचच मऊ झाला. "वयस्कर माणूस होते. रोज वाकून कुठे बघणार? बसल्या जागी लिहिले असतील आकडे. होतं असं."

नम्रतानं कागद गोळा केले. त्यांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. पाणी नाही मिळालं तर टँकर आहे, बादल्या आहेत, सुशीलाबाईंची बहीण कोथरूडला आहे. पण आप्पा बसल्या जागी आकडे लिहीत, हे वाक्य पाण्याच्या ऑफिसात उच्चारलं गेलं होतं आणि ते तिथून सुमेरूत पोचायला स्कूटरइतकाच वेळ लागणार होता.

त्याहून कमी लागला. संध्याकाळी जिन्यात सूचना होती: 'टाकीच्या तक्त्याचा विषय पुढील सूचनेपर्यंत बंद. तर्कवितर्क घरात करावेत.' सुशीलाबाई खुर्ची ओढायला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "जाऊ दे गं. त्यांचा वेळ छान जायचा ना, तेच महत्त्वाचं." सांत्वनाची ही जात फार वाईट. भांडता येत नाही.

पुढचे चार दिवस नम्रता ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावत राहिली. एरवी हे काम शिपाई करतात. पाचव्या दिवशी मराठी साहित्याच्या कपाटासमोर तिचा हात थांबला. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर विषयाचा वर्गांक, ८९१.४६. वीस वर्षं ती असे आकडे लावत होती. त्यांचीही दशांशचिन्हं सरळ होती. पण दोन पुस्तकांच्या आकड्यांची बेरीज करून सरासरी काढावी असं आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ठिपका दिसला म्हणजे दशांश असतोच असं नाही. आप्पांचा ठिपका म्हणजे नुसती भिंत होती. अलीकडे फूट, पलीकडे इंच. आणि तिनं मात्र ते दोन शेजारी एक समजून कॉम्प्युटरला दिले होते.

त्याच संध्याकाळी तिनं मॅडमना गाठलं.

"फॉरमॅट चुकलं नव्हतं तर," मॅडम म्हणाल्या. "फॉरमॅट म्हणजे फक्त कपडा. तुम्ही कपडा सुंदर शिवलात, आतला माणूस चुकीचा होता. आत सगळं इंचात ठेवा. चार फूट दहा म्हणजे अठ्ठावन्न. बेरजा, सरासऱ्या सगळं त्या अठ्ठावन्नवर. आणि बाहेर दाखवताना बाराने भागा, भागाकार फूट, बाकी इंच, इंच दोन घरांत. म्हणजे तुमच्या वडिलांसारखं दिसेल."

आत इंच, बाहेर आप्पा. नम्रतानं वहीच्या कडेला एवढंच लिहिलं.

पुन्हा टाइप करावं लागलं नाही. रूपांतर करायला अकरा ओळींचा प्रोग्राम पुरला, आणि चालायला सहा सेकंद. सरासरीतले सदतीस इंच गेले. मग तिनं सत्त्याण्णव सालची सरासरी मागितली: ४.११. नव्याण्णवची: ४.०२. फरक पूर्ण नऊ इंच. टाकी बारा फूट बाय दहा; नऊ इंच म्हणजे अडीच हजार लिटर. रोजचे. दर बिऱ्हाडी दहा बादल्या. शून्य पॉइंट शून्य नऊ असं म्हटलं की त्या दहा बादल्या दिसत नव्हत्या.

आता ती दिवस शोधायला बसली. फार शोधावं लागलं नाही. १७ नोव्हेंबर १९९८, ४.११. १८ नोव्हेंबर, ४.०२. त्यानंतर एकदाही ४.०३ च्या वर नाही. एका रात्रीत सोळा घरांचा वापर वाढतो आणि वाढलेलाच राहतो, असं फक्त ऑफिसातच घडू शकतं.

तिनं कपाटातून त्या वर्षीचं रजिस्टर काढलं. अठरा तारखेच्या ओळीत शेऱ्याचा रकाना भरलेला होता, तोच रकाना जो तिनं जागा खातो म्हणून वगळला होता. बारीक, सरळ अक्षरात: 'काल केबलसाठी रस्ता खणून बुजविला. पाण्याच्या पाइपाची चावी (व्हॉल्व्ह) डांबराखाली गेली. फाटकाजवळील खांबापासून दक्षिणेस ६.११. सोसायटीस कळविले.'

तिनं रजिस्टर तसंच उघडं श्यामरावांच्या दारात नेलं. श्यामरावांनी ओळ वाचली. 'सोसायटीस कळविले' इथे त्यांचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. अठ्ठ्याण्णव साली सेक्रेटरी तेच होते.

"नोव्हेंबरात मी सांगलीला होतो," ते म्हणाले. "भाचीचं लग्न होतं."

"वर्षभर?"

श्यामरावांनी पायांत चपला घातल्या. "चला. ऑफिस पाचला बंद होतं."

घोलपांनी नवा तक्ता वाचला, सरासऱ्या वाचल्या, सतरा आणि अठरा नोव्हेंबर वाचले. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"रोज अडीच हजार लिटर?"

"रोज."

"ते बसल्या जागी वगैरे मी म्हणालो होतो..."

"हो. म्हणाला होतात."

"आम्ही मीटरवाली पिढी, ताई. फूट-इंच आमच्या वाट्याला आलेच नाहीत." त्यांनी फोन उचलला आणि पाण्याची चावी फिरवणाऱ्या धोंडिबांना उद्या सकाळी टिकाव घेऊन सुमेरूवर यायला सांगितलं.

सकाळी सगळी सोसायटी फाटकापाशी उभी. घोलपांनी स्वतःची टेप काढली, खांबाला धरली, रस्त्यावर ओढत नेली, आणि ६.११ वर खडूनं फुली मारली. फुली श्यामरावांनी स्कूटर चढवायला नुकत्याच करून घेतलेल्या सिमेंटच्या उतारावर आली. नम्रता 'साहेब' म्हणेपर्यंत पहिला घाव बसला होता. अर्धा तास खणल्यावर दोन विटा, एक रबरी चप्पल आणि भरपूर पुणे निघालं. चावी निघाली नाही.

श्यामराव उताराच्या तुकड्यांकडे बघत होते. "आपण किती मोजलंत, साहेब?"

"सहा पॉइंट अकरा. तुमच्याच रजिस्टरात आहे."

"मीटर?"

घोलपांनी टेपकडे बघितलं. टेपवर एका बाजूलाच आकडे होते.

जिन्याखालून नम्रतानं आप्पांची काठी आणली. काठी बरोबर सहा फुटांची होती. तिनं ती खांबाला टेकवून दक्षिणेकडे जमिनीवर आडवी ठेवली, टोकाशी बोट रोवलं, काठी उचलून बोटापुढे पुन्हा ठेवली आणि अकराव्या खुणेवर चपलेनं डांबर घासलं.

"इथे."

धोंडिबांनी टिकाव मारला. तिसऱ्या घावाला लोखंडावर लोखंड वाजलं.

"हाय की," धोंडिबा म्हणाले. खाली हात घालून त्यांनी माती चाचपली. "निम्मी बंद करून ठेवलीया कुणीतरी. वर डांबर थापलंय." चावी गंजली होती. तेल घालून, हातोडी ठोकून, घोलपांनी बाह्या सरसावून हात लावल्यावर ती हलली. एक फेरा, दोन, सात, अकरा. मग आतून, जमिनीखालून, टाकीच्या दिशेनं जाणारा एक जाड आवाज आला. सुशीलाबाईंनी नम्रताचा दंड धरला आणि तो आवाज जाईपर्यंत सोडला नाही.

घोलप हात पुसत नम्रतापाशी आले. "ताई, तो प्रोग्राम आमच्या ऑफिसला मिळेल का? आमच्याकडे सगळ्या पेठांच्या पातळ्या आहेत."

"कोणत्या मापात?"

"तेच बघावं लागेल," घोलप प्रामाणिकपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नम्रतानं झाकण उचललं. जिन्यात आठ-दहा माणसं वाकून उभी होती आणि कोणीही देव प्रसन्न आहेत का असं विचारलं नाही. काठी तळाला टेकली. तिनं चष्मा कपाळावर चढवला, ओल कुठवर आली ते बघितलं, आणि नवीन रजिस्टरच्या पहिल्या ओळीत आकडा लिहिला.

"किती?" श्यामरावांनी वरून विचारलं.

"पाच फूट शून्य इंच."

"म्हणजे पाच."

"नाही, काका. पाच फूट शून्य इंच."

श्यामराव घरात गेले. दहा मिनिटांनी जिन्यातली जुनी सूचना निघाली होती आणि तिच्या जागी, लाल शाईत, सेक्रेटरींच्या सहीशिक्क्यानिशी नवी लागली होती:

'कै. हिंदुराव जगदाळे यांच्या पद्धतीने टाकीची आजची पातळी: ५.००. दोन्ही शून्ये वाचावीत.'